नियम चौथा: टक् चालणार नाही

आमच्या बाबांना कमी ऐकू येतं हे बाबा सोडून सगळ्यांना माहीत होतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानात ते आणि मी, दोघंच. गिऱ्हाईक दारातून हाका मारून घसा बसवून घ्यायचं आणि बाबा पाठ करून चाक फिरवत बसायचे. मी काही बोलले की म्हणायचे, "लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात." कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की जेवणाच्या ताटावरून उठायचे. मग मीच नाद सोडला.

पण बाबा गिअर कानाने बदलायचे, आणि खरी पंचाईत तिथे होती.

जुन्या सायकलीच्या गिअरच्या दांडीला खाचा नसतात. दांडी अलगद ओढायची. चेन कुरकुरत असेल तर ती अजून मागच्या चाकाच्या दोन दातेरी चकत्यांच्या मध्ये लटकतेय, कुरकुर थांबली की बसली. मग खाचांची दांडी आली. एक टक्, एक गिअर, कान बंद करून बसा. बाबांच्या तरुणपणी कुणीतरी आधी त्या खाचा मागच्या गिअरमध्येच घालून पाहिल्या होत्या. ते फारसं चाललं नाही, म्हणून बाबा खूश होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर खाचा दांडीत आल्या आणि पाहता पाहता शर्यतीतले बहुतेक सगळे तिकडे पळाले. बाबांच्या मते ती फितुरी होती. "गिअर आहे का रेडिओचं बटण?" असं ते आल्या-गेल्याला विचारायचे. कुणी उत्तर दिलं तरी त्यांना ऐकू यायचं नाही, ही सोय होतीच.

त्या रागातच त्यांनी जुन्या सायकलींचं मंडळ काढलं आणि स्वतःच्या अक्षरात नियम लिहिले. चौथा असा: ज्या सायकलीचा गिअर टक् म्हणतो ती जुनी नाही, तिला वार्षिक सहलीत जागा नाही. एकतीस वर्षांत या नियमाने त्यांनी सात जणांना हाकललं. त्यात माझा नवराही होता.

गेल्या वर्षीच्या सहलीत चढावर बाबांची चेन दोन चकत्यांच्या मध्ये अशी करकरत होती की पुढचे लोक वळून पाहत होते. बाबा मजेत पायडल मारत होते. मग चेन सटकली आणि म्हातारा रस्त्यावर आडवा. मंडळाचा सचिव म्हणजे दाताचा डॉक्टर. बाबा त्याला 'उपटसुंभ' म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्याने यंदाच्या सहलीआधी ठणकावलं, "काका, पुन्हा पडलात तर पुढच्या वर्षीपासून सामानाच्या गाडीत बसून यायचं." बाबा तडक घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. सामानाच्या गाडीत बसवलं असतं तर ते वर्षभरही टिकले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी पाप केलं. दुपारी बाबा दुकानातच आडवे झाले की मी त्यांची दांडी खोलायची आणि दांडीच्या आतल्या चकतीवर कानशीने खाचा पाडायची. पाच गिअर, पाच खाचा, वर एक स्प्रिंग आणि एक छर्रा. कानस त्यांच्या उशापासून दोन फुटांवर किंचाळत होती आणि ते घोरत होते. चार दुपारी लागल्या. पहिल्या तीन चकत्या वाया गेल्या, कारण खाच केसभर चुकली तरी चेन भलत्याच ठिकाणी जाते. दांडी बसवल्यावर बाबा म्हणाले, "कडक झालीय." मी ओरडून सांगितलं, "नवीन ग्रीस आहे!"

सहलीच्या दिवशी चढावर बाबा असे गेले की काय सांगू. टक्, आणि चेन बसली. टक्, पुन्हा बसली. मी मागून येताना प्रत्येक टक्‌ला दचकत होते. आपणच केलेली चोरी, बोंब कुणाच्या नावाने मारणार? त्यात डॉक्टर त्यांच्या बरोबरीने चालला होता, आणि त्याच्या कानांना काही धाड भरली नव्हती.

माथ्यावर पोचल्यावर तो सायकल टेकवून सरळ बाबांकडे आला. "काका, तुमचा गिअर आवाज करतोय," तो त्यांच्या कानाशी ओरडला.

"माझा?" बाबा भडकले. त्यांनी मागचं चाक उचललं, मला पायडल फिरवायला लावलं आणि सगळ्या अठरा जणांसमोर दांडी ओढली. टक्. टक्. टक्. टक्. "ऐकू आलं कुणाला काही?" छाती पुढे काढून त्यांनी विचारलं.

डॉक्टरने दांडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ बाबांच्या तोंडाकडे.

"नाही हो काका," तो म्हणाला. "मलाच भास झाला असेल." बाकीच्या सतरा जणांनी माना हलवल्या. ज्यांना चौथ्या नियमाखाली दम मिळाला होता, त्यांनीसुद्धा. मला त्या उपटसुंभाच्या पाया पडावंसं वाटलं.

लोक पांगल्यावर बाबा दगडावर माझ्या शेजारी येऊन बसले. "तिसरी खाच उथळ पडलीय," ते म्हणाले. "उद्या कानशीचे अजून दोन हात मार."

मी त्यांच्या कानाशी वाकले. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या वळणावर. बोटं शाबूत आहेत माझी. आधी वाटलं, फेकून द्यावी. पण चेन छान बसत होती गं."

"मग सगळ्यांसमोर वाजवून कशाला दाखवलीत?" मी ओरडले.

बाबा माझ्याकडे वळले. "वाजते ती?"

मी मान डोलावली.

"त्यांना सगळ्यांना ऐकू आलं?"

मी पुन्हा मान डोलावली. बाबांनी एकेका माणसाकडे पाहिलं, सावकाश. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि डॉक्टरकडे गेले.

"उपटसुंभा," ते म्हणाले, "तुझ्या ओळखीत कानाचा कुणी डॉक्टर आहे का रे?"