हिला काही सांगू नका

सकाळी पाहुणे आले तेव्हा फोरमनसाहेबांनी मफलर बाजूला करून मानेवरचा व्रण दाखवला. मेंदूकडे जाणारी शीर चोंदली होती. डॉक्टरांनी ती उघडून आत साचलेला थर काढला होता. महिनाभर घरात त्यांच्यासाठी वेगळं जेवण, त्यांच्यासाठी मऊ उशी, त्यांच्यासाठी शांतता.

त्यांची बायको, शिवणकाम करणाऱ्या काकू, जळत होत्या. खोटं कशाला लिहू? चाळीस वर्षांत त्यांच्या तापाला कुणी उशी दिली नव्हती.

त्यातच त्या दुपारी काकूंच्या उजव्या हातातून कात्री गळून पडली. डाव्या डोळ्यापुढे पडदा आला आणि दहा मिनिटांनी गेला.

"माझं कौतुक हिला बघवत नाही," फोरमनसाहेब हसले. "आता हिलाही तेच झालं बघा!"

मुलगाही हसला. काकूंनाही वाटलं, आपल्या मत्सराचंच हे सोंग असेल. बाईचं दुखणं नाटक ठरवायची आपल्या घरांतली रीत इतकी मुरलीय, की बाईचा स्वतःवरही विश्वास उरत नाही.

सून तेवढी हसली नाही. "जळण्यानं कात्री पडते का हो? आई, चला. गाडी बोलावलीय."

तपासणीत काकूंच्या मानेतली डावी शीर ऐंशी टक्के बंद निघाली. ऑपरेशन ठरलं.

"संमतीच्या कागदावर सही कोण करतंय?" डॉक्टरांनी विचारलं. पेनासाठी बापलेकांचे हात एकदमच पुढे आले.

"धोके समजावून सांगतो," डॉक्टर मुलाला म्हणाले.

"हिला काही सांगू नका," फोरमनसाहेब कुजबुजले. "घाबरेल उगाच."

काकू डॉक्टरांकडे वळल्या. "यांना सांगितलंत ना? समोर बसवून, चित्र काढून? मी तेव्हा दाराशी पिशवी धरून उभी होते. उशीचा हेवा वाटला मला, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त ह्याचा वाटला, की यांना कुणीतरी विचारलं. मान माझी आहे डॉक्टर. मला सांगा."

डॉक्टर ओशाळले. खुर्ची वळवून ते काकूंसमोर बसले. "थर काढताना एखादा तुकडा सुटून मेंदूत अडकू शकतो. मग लकवा होतो, क्वचित जीवही जातो. शंभरात दोघातिघांचं असं होतं. ऑपरेशन नाही केलं तर धोका याहून मोठा."

"लकवा कुठल्या हाताला?"

"उजव्या."

शिवणाचा हात. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाहून मुलाने घाईने कागद उचलला.

"ठेव तो खाली," काकू म्हणाल्या. "मी घाबरलेय. मुकी नाही झालेय."

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.