सात पिढ्यांपलीकडची नागीण

जीभ माझीच घसरली. पण अकला इतरांनी गहाण ठेवल्या, त्याला मी काय करू?

लास्तरीच्या लग्नाच्या आदल्या सकाळी तिच्या बापाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, सार्जूच्या (आम्ही त्याला कांग, म्हणजे दादा, म्हणतो), बरगडीवर नागीण उठली. त्याच सकाळी त्याच्या तीन गावठी कोंबड्या लुळ्या पडल्या. एक तंगडी पुढे, एक मागे. तो रोग मी झोपेतही ओळखेन. ब्लितारच्या उबवणी केंद्रात बावीस वर्षं एका दिवसाच्या पिलांच्या मानेत त्याचीच लस टोचतेय. शाळा आठवीपर्यंत, पुढचं सगळं तिथल्या डॉक्टरांनी रद्दीत टाकलेल्या पुस्तकांतून. कांगला दहादा बजावलं होतं. तर म्हणे, "गावठीला कसली आलीय लस!"

आमच्याकडे लग्नाचा स्वयंपाक गल्लीतल्या बाया मिळून करतात. वीस जणी अंगणात नारळ खवत होत्या, आणि मला शहाणपणा सुचला.

"कोंबडीचा विषाणू आणि कांगच्या नागिणीचा विषाणू एकाच खानदानातले आहेत," मी म्हटलं.

झालं! नारळ संपायच्या आत बातमी शेजारच्या गावी नवऱ्या मुलाच्या घरी पोचली. वाटेत तिला पिसं फुटली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता वऱ्हाड दारात थबकलं. मुलाची आई बु रुमांती, म्हणजे रुमांतीबाई, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "सार्जूंना कोंबडीरोग झालाय म्हणे. माझा तेगुह त्यांचा हात धरणार नाही. त्यांच्या वतीने नायबसाहेब धरतील."

निकाह लावणाऱ्या नायबांनी बापाच्या वतीनं हात धरलेला चालतो, नाही असं नाही. पण बापानं जावयाचा हात हातात घेऊन मुलगी दिली म्हणायचं असतं; ते एक वाक्य कांग तीन महिने खुराड्यासमोर घोकत होता. कोंबड्यांना पाठ झालं असेल. त्यानं हात मांडीखाली लपवला. माझा वाघासारखा भाऊ! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"बु, ईदनंतर तुमच्या खानदानाचा मेळावा भरतो ना?"

"भरतो. दोनशे माणसं जेवतात." तिची मान ताठ झाली.

"नातू, पणतू, खापरपणतू... सातव्या पिढीचा माणूस तुमच्या मोरीत न विचारता शिरतो का?"

"शिरून तर बघू दे! झाडूनं मारीन."

"मग ऐका. हे दोन विषाणू वेगळे झाले तेव्हा ना कोंबडी होती, ना माणूस, ना तुमची मोरी. घराची बांधणी तेवढी एक राहिली. एकाच सुताराच्या हातची. जनुकं बरीचशी त्याच क्रमानं लागलेली. ओटीनंतर माजघर, माजघरानंतर चूल. पण याची किल्ली त्याच्या कुलपाला लागत नाही. कोंबडीचा माणसात शिरत नाही, माणसाचा कोंबडीत नाही."

"पण कोंबडीच्या अंगात तो गाठी करतो म्हणे," कुणी मागून खोडा घातला.

"करतो! त्या चाळ्यांवरूनच मोठमोठ्या पदवीवाल्यांनी आधी त्याला भलत्याच घराण्यात घातला होता. जनुकं वाचली तेव्हा कळलं, हा तर नागिणीच्या बाजूचा. चाळे बघून नातं ठरवायचं झालं तर, लिक दार्मी, तुझा नवरा कुठल्या घराण्यात जाईल?"

बायांचं हसू फुटलं. शेजारची लिक दार्मी, म्हणजे दार्मीमावशी, सगळ्यांत जोरात हसली.

"बु, तेगुहला लहानपणी कांजण्या आल्या होत्या?"

"सातव्या वर्षी. तळव्यापासून टाळूपर्यंत."

"आणि तुम्हाला?"

"मलाही. का?"

"तोच तो नागिणीचा विषाणू! कांजण्या जातात, विषाणू जात नाही. मणक्याजवळच्या नसांत झोपतो. कांगचा जागा झाला, तुमचा अजून घोरतोय. लग्नाआधीच तुम्ही विहीणव्याही झालात, बु! राहिले ते फोड, तर ते सदऱ्याच्या आत झाकलेत, आणि कांग हात देणार आहे, बरगडी नाही."

तेगुह हसू दाबता दाबता लालबुंद झाला होता. आईकडे न बघता तो उंबरा ओलांडून आत आला, कांगसमोर बसला आणि हात पुढे केला. बु रुमांतीनं मग चपला काढल्या.

कांगनं वाक्य एका दमात म्हटलं, एकही अक्षर न अडखळता. तेगुहचं उत्तर पहिल्यांदा हसण्यात वाहून गेलं. दुसऱ्यांदा नीट आलं. नायबांनी विचारलं, "मान्य?" सगळं अंगण ओरडलं, "मान्य!" खुराड्यातली एक धडधाकट कोंबडीही ओरडली.

दुआ झाली, पानं मांडली, तरी कांग हात सोडेना.

"कांग, सोड आता. पोराला जेवायचंय."

"राहू दे गं जरा," तो म्हणाला. रडत होता गाढव.

बु रुमांती माझ्याशेजारी सरकली. आवाज अगदी खाली आणला, आणि मला चक्क यू, म्हणजे ताई, म्हणाली.

"यू जुमिरा, तो झोपलेला... खाजवल्यानं जागा होतो का गं? मघापासून माझी पाठ खाजतेय."