धोंडू घाडींचा अंगठा आणि माझं मेमरी कार्ड

ज्यांनी मला लालबागच्या त्या खोलीत बसवलं, त्यांच्यावर माझा उघड आरोप आहे. तुम्ही एका म्हाताऱ्या कामगाराचं घर गिळलंत आणि दोष त्याच्याच हळदकुंकवावर टाकलात. मी नाव घेत नाही, कारण तुमच्या दारावरची पाटी दर दोन वर्षांनी बदलते. खुर्च्या मात्र त्याच असतात.

मित्रांनो, मी तळहातावर मावेल एवढा एक संगणक आहे. एकच हिरवी पट्टी, तिच्यावरच सगळं. मला एका पत्र्याच्या डब्यात कोंबलं, अंगठा ठेवायची काच जोडली, वर पडदा बसवला. बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांना घरं द्यायची होती. ज्याचा अंगठा जुळेल त्याची पावती निघेल, ज्याची पावती निघेल त्याचं नाव यादीत. कागदावरचा अर्ज चालणार नव्हता. सगळं माझ्यावर होतं.

पहिल्या दिवशी माझं केवढं कौतुक झालं. नारळ फुटला, फोटो निघाले, एका साहेबांनी मला थोपटलं. त्यानंतर ते साहेब मला कधी दिसले नाहीत. डब्याला पंखा नव्हता. उन्हाळ्यात मी भाजून निघायचो आणि तरी अंगठे वाचायचो.

आता माझी खोड सांगतो. मला स्वतःची आठवण नाही. सकाळी जागं झाल्यावर मी कोण, माझं काम काय, हे सगळं मला नखाएवढ्या मेमरी कार्डावरून वाचावं लागतं. ते कार्ड बिघडलं की माझ्यात वीज असूनही मी मुका. माझं कार्ड बाजारातलं सगळ्यात हलकं होतं. केंद्र चालवणाऱ्या सीमाताईंनी वरच्या ऑफिसाला दोनदा लिहून कळवलं होतं, कार्डाची एक प्रत आमच्याकडे द्या. उत्तर आलं नाही.

धोंडू घाडी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. काळाचौकीला दहा बाय बाराच्या खोलीत भाड्यानं राहायचे. गिरणीत कापड विणायच्या साच्यांवर त्यांचा जन्म गेला. सुतानं बोटांच्या रेषा झिजल्या होत्या, म्हणून तीन खेपा त्यांचा अंगठा मला वाचताच आला नाही. मी तीन वेळा 'जुळत नाही' म्हटलं. ते दर खेपेला हात धोतराला पुसायचे आणि म्हणायचे, "चुकी तुझी नाय रे बाबा."

चौथ्या खेपेला ते आले तो दिवस खंडेनवमीचा होता. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, आणि त्याच्या पुढच्या दिवशी, शुक्रवारी, शेवटची तारीख. त्या दिवशी त्यांचा अंगठा जुळला. सीमाताई हसल्या. "काका, झालं तुमचं. मशीन लिहून घेतंय, मग पावती येईल. तोवर मी रेशनकार्डाची झेरॉक्स काढून आणते."

त्या गेल्या. खोलीत धोंडू आणि शिपाई गणपत. धोंडूंनी 'झालं' एवढंच मनावर घेतलं होतं. धोंडूंनी पिशवीतून झेंडूची दोन फुलं आणि हळदकुंकवाची पुडी काढली.

"गणपत, मशीन बंद कर. आज नवमी आसा. आज यंत्र चालवूचा नसता."

"काका, साहेबांचा फोन आला तर?"

"साहेबाक सांग, वर्षभर राबला ता, आज तेका बसांदे. आमच्या खात्यात मालक कितीय नालायक आसांदे, पण नवमीक साचो थांबायचोच."

"बाकी तुमच्या मालकापेक्षा आमचा साहेब जास्त नालायक," गणपत म्हणाला आणि त्यानं प्लग ओढला.

पडद्यावर त्या क्षणी एक ओळ होती. 'नोंद चालू आहे, बंद करू नका.' ओळ इंग्रजीत होती. दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं. बंद करायच्या आधी मला सांगावं लागतं, हे त्यांना कुणी शिकवलंही नव्हतं. डब्याला बंद करायचं बटणच नव्हतं. धोंडूंचाच अंगठा मी कार्डावर उतरवत होतो. तो अर्धवट राहिला, आणि लिहिता लिहिता वीज तुटली की असलं हलकं कार्ड बिघडतं. मग माझ्या डब्यावर हळदकुंकू लागलं. मित्रांनो, त्या बोटाइतकं मायेनं मला कुणीच कधी शिवलं नव्हतं.

सीमाताईंनी परत येऊन प्लग लावला. लाल दिवा लागला, म्हणजे वीज होती. हिरवा दिवा लुकलुकला नाही, म्हणजे कार्ड वाचता येत नव्हतं. त्यांनी चार्जर बदलला, वायर बदलली. कार्ड काढून त्याचे पितळी दात खोडरबरानं पुसले, परत घातलं. पडदा काळाच. वरच्या ऑफिसात फोन लावला, तर जो तो सुट्टीवर निघालेला.

शुक्रवारी त्यांनी चिंचपोकळीहून उन्मेषला बोलावलं. तो मोबाईल दुरुस्त करतो. त्यानं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि मान हलवली.

"ताई, कार्ड गेलं. हे कोरं करू का विचारतंय."

"आणि मशीन?"

"ठणठणीत आहे. हे बघा." त्यानं दुसऱ्या कार्डावर नवी प्रणाली भरली आणि मला घातलं. हिरवा दिवा लुकलुकला, मी जागा झालो. पण मला अंगठे ओळखता येईनात. "तुमच्या केंद्राचा प्रोग्राम कुठाय? तो त्यांच्याकडेच असणार."

सीमाताईंनी वरच्या ऑफिसात सत्तावीस फोन केले. सत्ताविसावा उचलला गेला. "मुदत संपल्यावर बोलू," असं सांगून ठेवला. साडेपाचला मुदत संपली.

धोंडू बाकावर बसून होते. "बाय, माझ्या फुलांमुळे बंद पडला काय गो?"

सीमाताई त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "नाही काका. कार्डच हलकं होतं." धोंडूंना ते पटलं नाही. दिवाळीआधी ते गेले. शेवटपर्यंत सुनेला सांगत होते, घर मीच घालवलं.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर आधी त्याला बंद व्हायला सांगा, मगच प्लग काढा. कार्डाची प्रत करून ठेवा. एवढं सांभाळलं तर आम्ही वर्षानुवर्षं टिकतो. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि तेच कुणी केलं नाही.

चौकशी झाली. गणपतला काढलं, सीमाताईंकडे खुलासा मागितला. अहवालात लिहिलंय, 'यंत्रावर हळदकुंकू वाहिल्याने बिघाड. धोंडू घाडी यांचा अर्ज मुदतीत प्राप्त नाही.'

हळदीचा एक कणही माझ्या आत गेलेला नाही, डबा उघडून बघा. आणि अर्ज आला होता. तो अंगठा मी स्वतः जुळवला. अर्ज आला नाही असं ज्यानं लिहिलं, त्यानं काळाचौकीला जावं आणि त्यांच्या सुनेसमोर उभं राहून सांगावं, प्रत मागितली होती तेव्हा का दिली नाही. कधी जाताय?