टेकडीवरचं टेकडीवरच

दिघीच्या टेकडीवरचा रविवारचा मेळा किसनरावांनी सुरू केला, आणि त्याचा नियमही त्यांचाच. कविता म्हणा, गाणं म्हणा, कातळावर गेरूनं चित्र काढा, पण खाली काही न्यायचं नाही. मोबाईल पिशवीत आणि पिशवी लिंबाच्या फांदीला. जाताना झाडांना पाणी घालायचं, उरलेल्या पाण्यानं चित्रं धुवायची. चाकणच्या कंपनीत प्रेसच्या दणक्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला शांतता हवीच होती म्हणा, पण आपलंच खरं करायची खोडही होती.

त्यांची बायको कस्तुराबाई टेकडीवर कधी आल्या नव्हत्या. रविवारी नवरा कवी होऊन जायचा आणि भुकेला होऊन परत यायचा, एवढाच त्यांचा कवितेशी संबंध. आज मात्र त्या आल्या. मंगळवारी किसनरावांचं ऑपरेशन होतं. घशातली गाठ वाईट निघाली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

"अहो, मोबाईलमध्ये थोडं बोलून ठेवा," म्हणून त्या आठवडाभर मागे लागल्या होत्या. किसनरावांचं एकच उत्तर, "सगळं अनित्य आहे गं. जाणारं जाऊ द्यावं." अनित्य म्हणजे काय ते विहारात ऐकून कस्तुराबाईंनाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि मंगळवार वेगळा.

किसनरावांनी बसक्या आवाजात कविता म्हटली. कारखान्याच्या भिंतीतून उगवलेल्या पिंपळाची होती. लोकांनी डोळे पुसले. कस्तुराबाईंना कविता कळली आणि त्यांना रागही आला. इतकी वर्षं हे सगळं या लोकांना मिळत होतं.

मेळ्याची व्यवस्था बघणारा नागसेन म्हणाला, "काकू, पहिल्यांदा येणाऱ्यानं इथं काहीतरी द्यायचं असतं. गाणं, ओवी, काहीही चालेल."

त्या उठल्या. "मला काही येत नाही. मी मागायला आलेय." मग त्या जमलेल्या लोकांकडे वळल्या. "ह्यांच्या कविता तुम्हीच ठेवा. पण बाहेरून आले की हे दारातून हाक मारतात, 'अगं, मी आलो.' शिफ्टवरून आले तरी तीच, इथून आले तरी तीच. तेवढी मला पाहिजे. मंगळवारनंतर हे दारात उभे राहतील आणि आत मला कळणारच नाही."

सगळे किसनरावांकडे बघत होते. किसनराव उठले, फांदीवरची बायकोची पिशवी काढली आणि मोबाईल नागसेनच्या हातात दिला. "लाव," म्हणाले.

ते चार पावलं लांब गेले आणि बाहेरून घरी आल्यासारखे वळले.

"अगं, मी आलो."

"आले, आले," कस्तुराबाई सवयीनं म्हणाल्या, आणि दार उघडायला निघाल्यासारख्या पुढेही झाल्या.

नागसेन अवघडला. "काकू, तुमचा आवाज पण आलाय त्यात. परत घेऊ का?"

"राहू दे," किसनराव म्हणाले. "ती ओ देते, म्हणून तर मी हाक मारतो."