नेटवर्कवरचा आळ

रिपोर्ट उशिरा आला, दोष नेटवर्कचा. फोन लागेना, दोष नेटवर्कचा. लिफ्ट अडकली की तोही नेटवर्कच्या माथी मारायचा, एवढंच काय ते बाकी होतं! महिनाभर इस्पितळातला जो तो उठून नेटवर्कवालीच्या नावानं शंख करत होता, आणि आज सकाळी तर मोठ्या डॉक्टरांनी भर वॉर्डात तिला झापलं.

"माझ्या पेशंटचा रक्ताचा रिपोर्ट पाऊण तास वाटेत लोळत पडतो! चार वाजेपर्यंत कारण दाखवा, नाहीतर उद्यापासून दुसरं माणूस बघतो."

"दाखवतेच," ती म्हणाली.

काम म्हटलं तर दहा मिनिटांचं. तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबच्या कॉम्प्युटरला जे येईल, तिथून जे जाईल, त्या सगळ्याची हुबेहूब नक्कल नेटवर्कच्या तारा जोडणारे तीन स्विच ओलांडून तळघरातल्या तिच्या टेबलापर्यंत आणायची. पण नकलेला वेगळी वाट लागते आणि ती प्रत्येक स्विचवर उघडून द्यावी लागते. वरचा स्विच झाला, खालचा झाला. स्क्रीन मात्र कोरी करकरीत.

मधला स्विच! तो मेला दुसऱ्या मजल्यावरच्या भांडारात, मोडक्या खुर्च्यांमागच्या कपाटात, आणि त्याला लांबून हात लावायची सोय नाही.

"अर्ज आणलाय का?" भांडारवाले काका.

"अहो काका, दोन ओळी टाइप करायच्यात. कपाट पळवून नेत नाहीये मी!"

"नियम तो नियम."

अर्ज लिहिण्यात अर्धा तास गेला, काकांचा चष्मा सापडण्यात वीस मिनिटं. शेवटी ती खाली परतली, नक्कल आपली केबल खोचलेल्या पोर्टात सोडली, आणि लॅपटॉप ठप्प. नक्कल ज्या पोर्टात पडते तिथलं बाकीचं बोलणं बंद होतं, हे तिनंच दहाजणांना शिकवलेलं. आणि ही शहाणी त्याच केबलवरून स्विचशी बोलत बसलेली. "कर्म माझं!" म्हणत ती दुसरी केबल शोधायला उठली.

दोन वाजता नक्कल वाहू लागली, तासाभरात चित्र स्पष्ट झालं. लॅबमधून निघालेला रिपोर्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत वॉर्डात पोचत होता. नेटवर्क धुतल्या तांदळासारखं स्वच्छ! ती टाळीच वाजवणार होती. मग तिनं वेळा नीट पाहिल्या. चांगले रिपोर्ट आकडा येताच निघत होते. वाईट तेवढे अडकत होते. मशीनकडून आकडा यायचा, चाळीस मिनिटं काहीच नाही, मग दुसरा आकडा, आणि मग कुठे रिपोर्ट निघायचा.

लॅब सांभाळत होती तिची सख्खी आत्या. पेन्शनला आठ महिने उरलेली.

ती चार जिने धापा टाकत चढली. "आत्या, रिपोर्ट तू अडवतेस?"

"वाईट तेवढेच," आत्या शांतपणे म्हणाली.

"अगं, महिनाभर शिव्या मी खातेय!"

"तुला पडतायत होय? मला वाटलं, डॉक्टर नेहमीसारखे नुसते तणतणतायत." आत्याचा चेहरा उतरला. "हे मशीन मधूनच पहिल्या फेरीत भलताच आकडा देतं. सहा अर्ज दिले, कुणी उघडूनही बघितले नाहीत. मग वाईट आकडा आला की मीच ते रक्त दुसऱ्यांदा मशीनला लावते."

"आता मी हे दाखवलं तर तुझ्यावर शेकेल. नाही दाखवलं तर माझी नोकरी जाईल. काय करू, सांग ना!" तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

"दाखव. मीही येते." आत्यानं रजिस्टर काखेत मारलं.

चारला पाच कमी असताना डॉक्टरांनी कागद वाचला. "म्हणजे नेटवर्क ठीक आहे. आणि बाई, तुम्ही कुणाला विचारून रिपोर्ट दाबून ठेवलेत?"

आत्यानं रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. "तुमचा सकाळचा पेशंट. पोटॅशियम पहिल्या फेरीत सात, जीवघेणं; दुसऱ्या फेरीत चार, अगदी नॉर्मल; खात्रीला तिसरी लावली, तरी चारच. सात पाठवलं असतं तर काय केलं असतंत?"

डॉक्टरांनी ते आकडे पुन्हा एकदा वाचले. सकाळी ते ओरडत होते तेव्हा पोटॅशियम उतरवायचं इंजेक्शन सिस्टरच्या हातात भरून तयार होतं, फक्त रिपोर्टची वाट बघत.