चार-आणि-साठ

सात वर्षं माझ्या वर्गात मी चौसष्ट हा आकडा तोंडातून काढला नव्हता. अंकलेखन घालताना मी त्रेसष्ट सांगायची, पासष्ट सांगायची, नाहीतर सरळ सत्तरीत उडी मारायची. मुलं एका सुरात मोजत त्या आकड्यापाशी आली की मला नेमका खोकला यायचा, किंवा खिडकी लावायची आठवण व्हायची. शाळा एका खोलीची, मुलं एकोणीस, आणि बाई खाष्ट. असं का करता म्हणून विचारायची उत्तरेकडच्या आमच्या या ग्रोया बेटावर कोणाची छाती नव्हती.

एक्कावन्न साली शाळेत आलेल्या सात वर्षांच्या ओड्नीने मात्र विचारलं.

त्याच वर्षी सरकारने आमची मोजण्याची रीत उलटी केली. बापजाद्यांपासून आम्ही आधी सुटे आणि मग दहा बोलत आलो. पंचवीसला 'पाच-आणि-वीस', सत्त्याऐंशीला 'सात-आणि-ऐंशी'. टेलिफोन खात्याने तक्रार केली की या बोलण्याने नंबर चुकतात, भलत्याच्याच घरी घंटा वाजते. झालं, जुलैपासून हुकूम निघाला: आधी दहा, मग सुटे. 'वीस-पाच'. 'ऐंशी-सात'. शाळेत असंच शिकवायचं.

शिकवणं मला जड नव्हतं. डावीकडे कॉफीचा मोठा डबा, उजवीकडे सार्डिनचा छोटा. काड्यापेटीतल्या काड्या मोजायच्या, दहा झाल्या की लोकरीच्या धाग्याने त्यांची जुडी बांधायची आणि डाव्या डब्यात टाकायची. उरलेल्या सुट्या उजव्या डब्यात. मग पाटीवरही तसंच, डावीकडे जुड्या, उजवीकडे सुट्या. तीन हा तीनच, पण डाव्या डब्यात गेला की तीस होतो. हे एकदा डोक्यात बसलं की मूल हजारापर्यंत एकटं चालत जातं. बसत नाही तोवर मात्र बाईचा जीव खातं.

जड गेलं ते माझ्या जिभेला. पंचावन्न वर्षांची जीभ, ती काय हुकूम पाळणार? सप्टेंबरातल्या एका सकाळी अंकलेखन घालताना मी जुन्याच सवयीने म्हणून गेले, "पाच-आणि-तीस!"

ओड्नीने पाटी वर धरली. ५३.

पोरं खिदळली. मी दटावून त्यांना गप्प केलं आणि तिला जवळ बोलावलं. "डब्यात बघ. जुड्या किती?"

"तीन."

"सुट्या?"

"पाच."

"मग हे काय लिहिलंस, बाळ?"

तिचा समोरचा दात पडलेला, बोलताना फटीतून वारा जायचा. ती म्हणाली, "बाई, मी ऐकलं तसंच लिहिलं."

मी तिला जागेवर पाठवलं आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. फळा स्वच्छ होता, तरी बराच वेळ पुसत राहिले. कारण मीही एकदा ऐकलं तसंच लिहिलं होतं, आणि त्यात या पोरीचा बाप गेला होता.

ती चव्वेचाळीसच्या जानेवारीतली गोष्ट. युद्धाचे दिवस होते, समुद्रात दिवा लावायला बंदी होती. बेटावर एकच टेलिफोन, आणि तो शाळेच्या पडवीत. आमच्या धक्क्यापासून खुल्या समुद्रापर्यंत बोटींच्या वाटेने खडकांवर लोखंडी खांब रोवलेले आहेत, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. दुपारी एकच्या सुमाराला घंटा वाजली. सर्वांत बाहेरच्या बेटावरची म्हातारी बोलत होती. तिने खिडकीतून दुर्बिणीने पाहिलं होतं, एक होडी उलटली होती आणि एक माणूस खांबाला धरून होता. तारेत खरखर होती, वारा होता. ती ओरडली, "चार-आणि-साठ!" दोनदा ओरडली. मी "कळलं, कळलं" म्हणून फोन ठेवला, कागद घेतला आणि लिहिलं. आधी ऐकला तो चार आधी, मग सहा. ४६. लिहिलेलं पुन्हा वाचूनसुद्धा पाहिलं नाही. डोक्याला शाल न घेता धक्क्यापर्यंत पळत गेले आणि चिठ्ठी हिल्मारच्या हातात दिली. मोटरबोट त्याची. सकाळी होडी घेऊन गेलेला आर्विड हा त्याचाच मुलगा.

सेहेचाळीस नंबरला पोचायला अर्धा तास लागतो. तिथे कोणी नव्हतं. जानेवारीत आमच्याकडे दोनला दिवस मावळतो. दिवा लावायचा नाही, म्हणून हाका मारत ते त्या खांबाभोवती फिरत राहिले. आर्विड सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी, चौसष्ट नंबरच्या खांबावर, कमरेच्या पट्ट्याने स्वतःला बांधून घेतलेला. अंगावर बर्फ धरलं होतं.

लोक म्हणाले, प्रवाहाने ओढून नेलं असेल. पट्ट्याने बांधलेल्या माणसाला प्रवाह अठरा खांब पलीकडे कसा नेईल, हे कोणी विचारलं नाही. मला मात्र 'चौसष्ट' शब्द कानावर पडताच म्हातारीचा आवाज जसाच्या तसा आठवला. आर्विडला अंक मीच शिकवले होते. त्याच खोलीत, त्याच डब्यांनी.

मी बोलले नाही. आधी वाटलं, पुरून झाल्यावर सांगू. मग वाटलं, त्याच्या बायकोचं बाळंतपण होऊ दे. मे महिन्यात ओड्नी झाली. पुढे आईने दुसरं लग्न केलं आणि ती मुख्य भूमीवर गेली. पोर आजोबांपाशी राहिली. न बोललेलं तोंडात दगडासारखं होऊन बसतं, गिळवतही नाही आणि थुंकवतही नाही.

आणि हिल्मार दर शनिवारी मला मासे आणून द्यायचा. ताजा कॉड, साफ केलेला, निळ्या बादलीत. वादळात धावत आलेली बाई म्हणून तो माझे उपकार फेडतोय असं गाव म्हणायचं. मीही तेच समजायची, आणि तो मासा घशाखाली घालताना मला माझीच लाज वाटायची. आत ये म्हटलं तरी तो कधी आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून बादली द्यायचा, टोपी हातात घ्यायचा आणि विचारायचा, "काही असेल तर सांगा, बाई."

दुकानातून काही आणायचं असेल, छपराची फळी ठोकायची असेल, म्हणून विचारत असेल. मी म्हणायची, "काही नाही, हिल्मार."

तो थोडा थांबायचा आणि जायचा.

ऑक्टोबर लागला. एका दुपारी सगळी मुलं गेल्यावर ओड्नी मागे राहिली. हातमोजे दोरीने गळ्यात लोंबत होते. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "बाई, त्रेसष्टच्या पुढचा आकडा तुम्ही कधीच का सांगत नाही?"

"मला खोकला येतो."

"रोज तिथेच येतो?" तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तो माझ्या बाबांचा खांब आहे. मी आजोबांना विचारलं, बाई तो का गाळतात. ते म्हणाले, बाईंनाच विचार."

"घरी जा," मी म्हणाले. "अंधार पडेल." ती गेली.

पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपल्यावर गाव शाळेत जमलं. नव्या मोजणीविरुद्ध अर्ज करायचा होता: आमच्या बेटाला जुनीच रीत राहू द्यावी. दुकानदार कोनराडने अर्ज लिहून आणला होता. टेलिफोन आता त्याच्या दुकानात असल्यामुळे त्याला या विषयातलं सगळं कळत होतं. मुलांच्या बुटक्या बाकांवर बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसले होते. हिल्मार शेवटच्या बाकावर, ओड्नी त्याच्या मांडीला टेकून.

"माझी आई पाच-आणि-ऐंशी वर्षांची आहे," कोनराड म्हणाला. "तिला मी ऐंशी-पाच म्हटलं, तर अंथरुणातून उठून माझ्या कानाखाली देईल! आज म्हणतात आकडे उलटे बोला. उद्या म्हणतील पायमोजे बुटांवरून घाला!"

हशा पिकला. मागून एकजण ओरडला, "तू तसाही घालतोस की रे, दर्यावर बघितलंय आम्ही!"

कोनराडने हसू ओसरू दिलं आणि टेबलावर हात ठेवला. "थट्टा सोडा. मला एक सांगा. आपल्या मोजण्याने आजवर या बेटावर कोणाचं काय वाईट झालंय? एक माणूस दाखवा. काय बाई, तुम्हीच सांगा. आकड्यांतलं तुम्हाला कळतं."

त्याला काही ठाऊक नव्हतं. भला माणूस, टाळी घ्यायला बोलला. पण सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खोकला यायला हवा होता, तो आला नाही. शेवटच्या बाकावर हिल्मारने टोपी काढून हातात घेतली होती, दर शनिवारी घ्यायचा तशी.

पोरीसमोर सांगू नये, असं मनात आलं. मग वाटलं, विचारलं तर तिनेच आहे.

"आर्विडचं झालं," मी म्हणाले. "म्हातारीने फोनवर चार-आणि-साठ सांगितलं होतं. मी ऐकलं तसं लिहिलं, चार आणि मग सहा. बोट अठरा खांब अलीकडे फिरत राहिली आणि तो पलीकडे वाट बघत होता. प्रवाह वगैरे काही नव्हता. मी लिहिलं ते चुकलं. दुसऱ्या दिवशीच मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले."

कोनराड अर्जाची घडी करत होता, पुन्हा उलगडत होता.

हिल्मार उठला. पुढे आला आणि खिशातून तंबाखूचा बटवा काढला. त्यातून चार घड्यांचा कागद निघाला. टेबलावर त्याने तो माझ्यासमोर सपाट केला. पिवळा पडलेला, मिठाच्या पाण्याचे डाग असलेला, आणि त्यावर माझ्या वळणदार अक्षरात ४६.

"मला वाटलं होतं हा समुद्रात गेला," मी म्हणाले.

"माझ्यापाशी होता." तो हळू बोलत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जात होतं. "त्याच वसंतात मी बाहेरच्या बेटावर गेलो होतो. म्हातारीला विचारलं, तू काय सांगितलंस? म्हणाली, चार-आणि-साठ, दोनदा ओरडून."

"मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो की, बाई. दर शनिवारी तुमच्या दारात येऊन बोललो. काही असेल तर सांगा म्हणालो." त्याने कागदावर बोट ठेवलं. "तुम्ही म्हणायचात, काही नाही."

मग तो कोनराडकडे वळला. "ओड्नी नव्या रीतीनेच शिकेल. बाकीच्यांनी आपलं बघावं." कागद त्याने तिथेच ठेवला, पोरीचा हात धरला आणि निघून गेला. त्यानंतर अर्जावर कोणी सही केली नाही. बाहेर पडताना माझ्याशी कोणी बोललं नाही, आणि ते बरोबरच होतं.

सोमवारी मी शाळा उघडली. मुलं येतील की नाही, ठाऊक नव्हतं. सगळी आली. ओड्नीही आली, पहिल्या बाकावर बसली आणि पाटी काढली. मी अंकलेखन घातलं. साठ-एक. साठ-दोन. साठ-तीन. मग थांबले. एकोणीस पेन्सिली थांबल्या.

"साठ-चार," मी म्हणाले.

ओड्नीने आधी सहा लिहिला, मग चार. लिहिलेलं ओठ हलवत वाचून पाहिलं, कारण चव्वेचाळीसपासून मी सगळ्या मुलांना तसंच शिकवते: लिहा, आणि मग वाचा. पाटी वर धरून ती म्हणाली, "बरोबर ना, बाई?"

"बरोबर."

शनिवारी मी दार उघडं टाकून बसले. दहा वाजले, अकरा वाजले. हिल्मार आला नाही. गेल्या खेपेची निळी बादली पडवीत तशीच होती. मी ती धुतली, पुसली आणि घेऊन निघाले. त्याच्या घराच्या वाटेवर मी सात वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. वाटेत कोनराडने दुकानाच्या काचेतून पाहिलं, हात मात्र केला नाही.

दार हिल्मारनेच उघडलं. आत ओड्नी जमिनीवर बसून काड्यांच्या जुड्या बांधत होती. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. बादली पुढे केली, त्याने घेतली. काय बोलायचं ते मी वाटेत शंभरदा घोकलं होतं. पण या दारात बोलायला त्याचेच शब्द लागतात, हे आता मला ठाऊक होतं.

"काही असेल तर सांगा, हिल्मार," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, माझेही. ओठ हलले, पुन्हा मिटले. सात वर्षांचं त्याच्याकडे काय काय साठलं असेल, ते त्या मिटल्या ओठांमागे मला दिसत होतं.

"काही नाही, बाई," तो म्हणाला, आणि त्याने दार हळूच लावून घेतलं.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा जाणार आहे. त्याच्या पुढच्याही.