काउंटरला बांधलेलं पेन

रोज सकाळी देवाच्या नावाचं एक पान लिहिल्याशिवाय मी पाणी घेत नाही. अंगठ्याचा सांधा धरायला लागला तेव्हा यजमान म्हणाले, "तोंडाने घे की नाव. देव काय अक्षर तपासायला बसलाय?" पण नेम म्हणजे नेम. शिवणाच्या पैशांतून मी एक रोलरबॉल पेन आणलं, अगदी उंची. हातात आहे की नाही कळू नये इतकं कमी वजन. दाबावंही लागत नाही, कागदाला टेकवलं की शाई आपली चालायला लागते.

"नवीन का?" यजमानांनी विचारलं.

"हो. अगदी हलकं आहे," मी म्हटलं.

तिथेच घोटाळा झाला.

परवा सकाळी पेन जागेवर नाही. देवापाशी पाहिलं, शिलाई मशीनखाली पाहिलं. शेवटी साधं बॉलपेन घेतलं, तर चार ओळींतच अंगठा ठणकायला लागला. वही पिशवीत घातली आणि तशीच यजमानांच्या कुरिअरच्या दुकानात गेले.

पेन काउंटरवर होतं. टोपण काढलेलं, अंगाला चिकटपट्टीचे वेढे, त्यात अडकवलेली सुतळी आणि सुतळीचं दुसरं टोक खिळ्याला. एक दांडगा गृहस्थ त्याने पावती भरत होता आणि यजमान त्याला सांगत होते, "दाबा, अजून दाबा! खाली दोन कॉपी आहेत, कार्बन उमटला पाहिजे."

"अहो, ते माझं पेन आहे."

"अगं, हलकं आहे असं तूच म्हणालीस ना? म्हटलं, हलक्यातलं आहे तर इथे खपेल. लोक पेनं पळवतात."

"वजनाला हलकं म्हटलं मी, किमतीला नाही." आणि किंमत सांगितली.

त्या गृहस्थाने पेन विंचू धरल्यासारखं अलगद खाली ठेवलं.

"एवढं?" यजमानांनी घाईघाईने खिशातून टोपण काढलं. "अगं, असलं पेन रोज खरडायला वापरतात का? कपाटात ठेवू. काही मोठ्या सह्या असल्या की काढू."

"मी रोजच वापरणार."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"हळूच बोलतेय." कुणावर आवाज चढवायचा नाही, हाही माझा नेमच.

रांगेतली एक बाई खुदकन हसली. "दादा, तुमच्यासारखेच आमचेही. नवी गादी पाहुण्यांसाठी, आणि स्वतः जन्मभर सतरंजीवर!"

मी पार्सलची कात्री उचलून सुतळी कापली. चिकटपट्टी नखाने सोलली. यजमानांच्या हातातून टोपण घेतलं. तळहातावर रेघ ओढून पाहिली, तर नुसता ओरखडा उठला. पुन्हा ओढली. तुटक तुटक का होईना, शाई आली.

"मिळालं ना? आता घरी जा."

"तहान लागलीय मला. आधी पान. जरा उठा बघू."

दुकानात खुर्ची एकच. यजमान उठले. मी काउंटरवर वही उघडली. पहिल्या दोन ओळी फिक्या उमटल्या, तिसरीपासून पेन सुरळीत चाललं. मागे रांग वाढत होती.

"अगं," यजमान कानाशी वाकून म्हणाले, "एक पावती लिहायचीय. मिनिटभर देतेस का ते?"

"नाही," मी म्हटलं आणि पुढची ओळ सुरू केली.